वंध्यत्व : व्याधी एकटीचा नव्हे, दांपत्याचा



वंध्यत्व हा शब्द उच्चारताच आपल्या समाजात प्रथम स्त्रीकडे बोट दाखविले जाते. 'वांझ' हे विशेषण मराठी बोलीने स्त्रीच्याच वाट्यास दिले आहे. पुरुषासाठी त्या तोलाचा शब्द रोजच्या व्यवहारात सापडत नाही. शास्त्राची भूमिका मात्र अशी नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील चौथ्या अध्यायात बीजभागाच्या दुष्टीने वंध्या कन्या कशी जन्मते हे सांगून झाल्यावर लगेच, पुरुषाच्या बीजातील त्याच दुष्टीने 'वंध्य' पुरुष जन्मतो, असे आचार्यांनी स्पष्ट केले आहे. म्हणजे हा शब्द आचार्यांनी दोघांनाही सारख्याच अर्थाने लावला; एकीच्या माथी तो मारला तो आपण. प्रस्तुत लेखात, सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गावी चिकित्सा करताना वंध्यत्वाचा विचार कोणत्या क्रमाने करावा, किती काळ आपल्या हाती ठेवावा आणि केव्हा पुढे पाठवावे, याचे विवेचन करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

शास्त्राची बैठक

सुश्रुताचार्यांनी गर्भसंभवासाठी ऋतू, क्षेत्र, अंबू व बीज या चार घटकांचे सान्निध्य आवश्यक मानले आणि त्यासाठी अंकुराचा दृष्टांत दिला. आपल्या भागातील शेतकऱ्याला हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. मका उगवला नाही तर तो केवळ जमिनीला दोष देत नाही. बियाणे कसे होते, पेरणी वाफशावर झाली होती काय, पाऊस वेळेवर पडला काय, हे सर्व तो तपासतो. परंतु हाच शेतकरी घरात अपत्य होत नाही म्हटल्यावर फक्त क्षेत्राकडे पाहतो. येथेच वैद्याचे काम सुरू होते.

आधुनिक परिभाषेत मांडायचे तर ऋतू म्हणजे बीजोत्सर्गाचा काल, क्षेत्र म्हणजे गर्भाशय व बीजवाहिन्या, अंबू म्हणजे पोषण व अंतःस्रावांचे संतुलन आणि बीज म्हणजे स्त्रीबीज व शुक्राणू. या चार शब्दांत संपूर्ण परीक्षणाची यादी सामावलेली आहे, आणि चौथ्या घटकातील निम्मा वाटा सरळसरळ पुरुषाचा आहे. सुश्रुतसंहितेत आर्तवदोषांबरोबर शुक्रदोषही आठ सांगितले आहेत. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात योनिव्यापदांबरोबरच शुक्रदोष व क्लैब्याचे चार प्रकार वर्णिले आहेत. शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात, वंध्या नसलेल्या स्त्रीसही गर्भ उशिरा का राहतो याची जी कारणे दिली आहेत, त्यांत योनिदोष, मनस्ताप, शुक्र व आर्तव यांची दुष्टी, आहार-विहारातील दोष, अकाली समागम व बलक्षय यांचा समावेश आहे. ही यादी दोघांना समोर बसवल्याखेरीज पूर्ण होणे शक्य नाही.

व्याख्या व काल

गर्भनिरोधक साधन न वापरता बारा महिने नियमित समागम होऊनही गर्भधारणा न झाल्यास त्यास वंध्यत्व म्हणावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आज सर्वत्र मान्य आहे. एप्रिल २०२३ मध्ये या संघटनेने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे साधारण सहांपैकी एकास, आयुष्यात केव्हातरी वंध्यत्वाचा अनुभव येतो. व्याधी विरळ नाही. बोलणे मात्र विरळ आहे.

कालाच्या बाबतीत दोन गोष्टी आपण लक्षात ठेवल्या पाहिजेत. पहिली अशी की, निरोगी तरुण दांपत्यांपैकी सुमारे ८४ टक्क्यांस पहिल्या वर्षात व उरलेल्यांपैकी निम्म्यांस दुसऱ्या वर्षात, कोणतेही औषध न घेता गर्भधारणा होते. म्हणून लग्नानंतर सहा महिन्यांत घाबरून आलेल्या बावीस वर्षांच्या मुलीस औषधांचा मारा करण्याचे कारण नाही. तसेच एखाद्या चूर्णाने 'गुण आला' असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातील किती दांपत्यांस ते न घेताही गुण आला असता, याचा प्रामाणिक विचार करावा. दुसरी गोष्ट उलट बाजूची. स्त्रीचे वय पस्तीसच्या पुढे असल्यास एक वर्ष थांबणे योग्य नाही. सहा महिन्यांनी परीक्षण सुरू करावे. चाळिशीच्या पुढे तर थांबूच नये. स्त्रीबीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो व वयाबरोबर तो संख्येने आणि गुणाने घटत जातो. तो परत आणण्याचे सामर्थ्य कोणत्याही पद्धतीत नाही.

प्रथम भेट

आमच्या अनुभवात प्रथम भेटीचे चित्र बहुतेक ठरलेले असते. रुग्णपत्रकावर नाव सुनेचे, बोलतात त्या सासूबाई आणि पतिराज बाहेर मोटारसायकलीपाशी. "ह्यांचे मालक कुठे आहेत?" असे विचारले की उत्तर येते, "डॉक्टर, पोराचं काय तपासायचं? तो धडधाकट हाय की. हिचीच पाळी मागंपुढं होती, हिला बघा." सोबतच्या पिशवीत चार-पाच वर्षांचे सोनोग्राफीचे कागद असतात, गर्भाशयाच्या नळ्यांचे क्ष-किरण चित्र असते, पतीच्या शुक्रपरीक्षणाचा कागद नसतो.

अशा वेळी सासूबाईंशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्या वडीलधाऱ्या आहेत आणि पुढचा खर्चही बहुधा त्यांच्याच संमतीने व्हायचा आहे. आम्ही इतकेच सांगतो : "आई, बी आणि जमीन दोन्ही पाहिल्याशिवाय पेरणीचा सल्ला देता येत नाही. पुढच्या खेपेला दोघांना बरोबर पाठवा, मग औषध सुरू करू." या एका वाक्याने बहुतेक पती येतात. आल्यावर दोघांचा इतिहास एकत्र व नंतर स्वतंत्र घ्यावा. समागम नियमित होतो काय, त्यात वेदना किंवा अडचण आहे काय, पती कामासाठी महिनोन्‌महिने बाहेरगावी असतो काय, हे प्रश्न एकांतातच विचारावेत. ऊसतोडीस, ट्रकवर किंवा शहरातील कारखान्यात राहणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत ऋतुकालात दोघे एकत्रच नसतात, हेच कारण कधीकधी निघते आणि तेथे औषधाची गरजच उरत नाही.

ऋतुकालाविषयीही समज द्यावी. पाळी सुरू झाल्यापासून चौदावा दिवस हा हिशेब अठ्ठावीस दिवसांच्या चक्रासाठी आहे. बीजोत्सर्ग साधारणतः पुढील पाळीच्या चौदा दिवस आधी होतो. म्हणून पस्तीस दिवसांनी पाळी येणाऱ्या स्त्रीस तो एकविसाव्या दिवसाच्या सुमारास होईल. बीजोत्सर्गाचा दिवस व त्याआधीचे पाच दिवस हा गर्भधारणेस अनुकूल काल होय.

पुरुष परीक्षण

शुक्रपरीक्षण ही वंध्यत्वातील सर्वांत स्वस्त, वेदनारहित व लवकर होणारी तपासणी आहे. म्हणून ती प्रथम व्हावी. दोन ते सात दिवसांच्या ब्रह्मचर्यानंतर नमुना द्यावा, तो प्रयोगशाळेतच दिलेला चांगला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीनुसार खालच्या मर्यादा अशा आहेत : प्रमाण १.४ मि.लि., शुक्राणू दर मि.लि. मध्ये १ कोटी ६० लाख, एकूण चलनवलन ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के व प्राकृत आकाराचे ४ टक्के. यांहून थोडे कमी आकडे आले म्हणजे पुरुष वंध्य ठरला असे नव्हे. एका अहवालावर निदान करू नये; दोष आढळल्यास तपासणी पुन्हा करावी. शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणून आपल्या चिकित्सेचे फळही तीन महिन्यांच्या आत मोजू नये.

शुक्राणू मुळीच नसतील तर मात्र वाजीकरण योग सुरू करून महिने घालवू नयेत. मार्गावरोध आहे की उत्पत्तीच होत नाही, हे ठरविण्यासाठी मूत्ररोगतज्ज्ञांकडे तत्काळ पाठवावे. अंडकोषातील शिरांचा फुगवटा, लहानपणी न उतरलेले अंड, वयात आल्यानंतर झालेला गालगुंडाचा त्रास, मधुमेह, हर्नियाची शस्त्रक्रिया यांची विचारणा व प्रत्यक्ष तपासणी करावी. तंबाखू, मावा व मद्य यांची चौकशी कधीही टाळू नये. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी रुग्णाच्या खिशात काय आहे हे त्यालाच विचारावे. व्यायामशाळेत 'ताकदीची' इंजेक्शने किंवा पावडरी घेणाऱ्या तरुणांकडे विशेष लक्ष द्यावे. बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनने शरीराची स्वतःची शुक्राणूनिर्मिती बंद पडते, आणि तेच औषध पौरुष वाढवते या समजुतीने घेतले जाते.

मिरची व कापसाच्या आपल्या पट्ट्यात आणखी एक प्रश्न विचारायला हवा, तो फवारणीचा. १९७७ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथील एका कारखान्यात डीबीसीपी हे सूत्रकृमिनाशक बनविणाऱ्या कामगारांना मुले होत नाहीत, हे त्यांच्याच आपसांतील बोलण्यातून उघड झाले. तपासणीत अनेकांचे शुक्राणू अत्यल्प वा शून्य आढळले. प्रत्येक कीटकनाशक तसे करते असे नव्हे. परंतु उघड्या अंगाने, तोंडावर फडकेही न बांधता फवारणी करणाऱ्या तरुणास हातमोजे, मुखपट्टी व फवारणीनंतर स्नान यांचा उपदेश करणे, हा निदानपरिवर्जनाचाच भाग आहे.

स्त्री परीक्षण

पाळी नियमित आहे काय, स्राव किती, वेदना किती, वजनात व केसांत बदल आहे काय, स्तनांतून दुधासारखा स्राव होतो काय, पूर्वी गर्भपात किंवा नळीतील गर्भ राहिला होता काय, हे विचारावे. थायरॉइड व प्रोलॅक्टिन यांच्या रक्ततपासण्या, सोनोग्राफी व आवश्यकतेनुसार नळ्यांची तपासणी करावी. नळ्या बंद असतील तर कोणत्याही दीपन-पाचनाने बीज व शुक्राची भेट घडणार नाही.

आपल्या देशात विसरून चालणार नाही असे एक कारण म्हणजे जननसंस्थेचा क्षय. खोकला नसतो, ताप नसतो. केवळ पाळीचा स्राव कमी कमी होत जातो, ओटीपोटात दुखते आणि नळ्या हळूहळू निकामी होतात. घरात कोणास क्षय झाला होता काय, एवढा एक प्रश्न येथे मोलाचा ठरतो. शंका येताच स्त्रीरोगतज्ज्ञांकडून गर्भाशयाच्या अंतःस्तराची तपासणी करवून घ्यावी. क्षयाचे औषध शासनाकडून विनामूल्य मिळते. असा संसर्ग असताना उत्तरबस्ती देणे घातक होय. उत्तरबस्तीपूर्वी संसर्ग नाही याची खात्री व संपूर्ण निर्जंतुकता या दोन अटी आम्ही अपरिहार्य मानतो.

चिकित्सा : सामर्थ्य आणि मर्यादा

अनियमित बीजोत्सर्ग, स्थौल्य, अग्निमांद्य, मनस्ताप, किंचित शुक्रदौर्बल्य अशा अवस्थांत शोधन, आहार-विहार, फलघृत, शतावरी, अश्वगंधा, कपिकच्छू, गोक्षुर इत्यादींचा वैद्याने प्रकृती पाहून विचार करावा. वजन जास्त व पाळी अनियमित असलेल्या स्त्रीचे वजन पाच ते दहा टक्के उतरले तरी पाळी सुधारण्याची शक्यता वाढते. चरकाचार्यांनी गर्भधारणेस साहाय्यक भावांत मनाच्या प्रसन्नतेस श्रेष्ठ स्थान दिले आहे. घरातील टोमणे थांबविणे हीही म्हणूनच चिकित्सा होय. गर्भाची इच्छा असलेल्या स्त्रीस रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिड आधीपासून द्यावे, यात पद्धतीचा अभिमान आड येऊ देऊ नये.

परंतु चिकित्सा सुरू करतानाच तिची मुदत कागदावर लिहावी. आमच्या मते परीक्षणात गंभीर दोष नसलेल्या तरुण दांपत्यात सहा महिने व पस्तिशीच्या जवळ असलेल्या स्त्रीत तीन महिने, यापलीकडे एकट्याने चिकित्सा रेटू नये. पाळी बंद असणे, नळ्या बंद असणे, शुक्राणू नसणे, वारंवार गर्भपात, क्षयाची शंका, कर्करोगाचे पूर्वोपचार यांत तर मुदत शून्य. सिल्लोड येथे उपजिल्हा रुग्णालय आहे आणि सुमारे ६५ कि.मी. अंतरावर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आपली 'घाटी', १९५६ पासून उभे आहे. पुढे पाठविताना चिठ्ठीवर झालेल्या तपासण्या व दिलेली औषधे लिहून द्यावीत, म्हणजे त्याच तपासण्यांचा खर्च दांपत्यावर पुन्हा पडत नाही.

बाह्य फलनाचे नाव काढताच अनेक कुटुंबांत संकोच निर्माण होतो. हे तंत्र आपल्या राज्याला नवे नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून असे बाळ जन्मले. त्याहीपूर्वी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून जन्मलेल्या बालिकेचे श्रेय त्यांना देण्यासाठी पुढे डॉ. आनंद कुमार यांनीच पुढाकार घेतला, ही मनाचा मोठेपणा दाखविणारी गोष्ट होय. हे तंत्र प्रत्येकास लागत नाही, प्रत्येक वेळी यशस्वी होत नाही आणि एका चक्राचा खर्चही लाखाच्या घरात जातो. हे तिन्ही दांपत्यास आधीच सांगावे. शेत विकण्यापूर्वी यशाची शक्यता वयानुसार किती, हे विचारण्याचा त्यांचा हक्क आहे.

औषधी व्यावसायिकांसाठी

वैद्याच्या आधी रुग्ण बहुधा दुकानाच्या फळीवर येतो, म्हणून दुकानदाराची जबाबदारी मोठी आहे. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात स्त्रीचे वंध्यत्व समाविष्ट आहे. 'हमखास संतती' अशी पाटी दुकानावर लावणे म्हणूनच गुन्हा ठरतो. परिशिष्ट ई (१) मधील विषारी द्रव्ये असलेली औषधे वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावयाची असतात. ती चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. बीजोत्सर्गाच्या आधुनिक गोळ्या शेजारणीच्या चिठ्ठीवर देऊ नयेत, हे सांगणे नलगे.

२०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गर्भवती स्त्रियांच्या रक्तात शिशाचे प्रमाण घातक आढळले. त्या सर्वांनी भारतातून आलेली आयुर्वेदीय म्हणविलेली औषधे घेतली होती. अशी एक घटना प्रामाणिकपणे शोधन-मारण करणाऱ्या शंभर औषधशाळांच्या नावाला काळिमा लावते. अपत्याची इच्छा असलेल्या स्त्री-पुरुषांना विनानावाच्या पुड्या, बिल नसलेल्या गोळ्या व ज्यांच्या परीक्षणाचा दाखला नाही अशी भस्मे देऊ नयेत. दुष्परिणाम आढळल्यास आयुष औषधांच्या औषधदक्षता केंद्राकडे कळवावे.

'मुलगा होण्याचे औषध' मागणारा ग्राहकही येतो. गर्भाचे लिंग फलनाच्या क्षणी पुरुषाच्या शुक्राणूने ठरते. नंतर घेतलेले कोणतेही औषध ते बदलत नाही. १९९४ च्या गर्भलिंगनिदान कायद्यात २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही निषिद्ध झाली आहे. एका औषधाच्या नावातील 'पुत्र' या शब्दावरून २०१५ मध्ये राज्यसभेत गदारोळ झाला आणि २०१७ मध्ये आयुर्वेद पदवीच्या पाठ्यपुस्तकातील पुत्रप्राप्तीच्या विधींवरून महाराष्ट्रातच वाद उद्भवला. या दोन प्रसंगांतून आपल्या व्यवसायाने धडा घ्यावा. अशा ग्राहकास नम्रपणे पण ठाम नकार द्यावा.

कायदा व समाज

सहायक प्रजनन तंत्रज्ञान अधिनियम, २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार अशा केंद्रांची नोंदणी बंधनकारक असून स्त्रीचे वय २१ ते ५० व पुरुषाचे २१ ते ५५ ही मर्यादा आहे. रुग्णास पाठविण्यापूर्वी केंद्राचा नोंदणी क्रमांक विचारावा आणि त्या बदल्यात कोणताही मोबदला घेऊ नये.

संततीची ओढ ही माणसाइतकीच जुनी आहे. आपल्या शेजारच्या अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात अंगाखांद्यावर मुले घेतलेली हारीती दीड हजार वर्षांपासून बसलेली आहे. नवस करणाऱ्या स्त्रीची श्रद्धा दुखविण्याचे वैद्यास कारण नाही. नवस आणि तपासणी दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. पण त्या श्रद्धेचा गैरफायदा घेणारे बुवा-बाबा आहेत. दैवी शक्तीने मातृत्व देण्याचे आश्वासन देऊन अपत्यहीन स्त्रीशी संबंध ठेवणे, हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात स्वतंत्रपणे गुन्हा म्हणून नमूद करावे लागले, यावरून प्रश्नाची खोली कळते. वैद्याने दार लावले की रुग्णा त्या दारी जाते. पतीचा दोष तपासलाच न गेल्याने टाकून दिलेल्या, सवत पाहिलेल्या स्त्रिया आपल्या तालुक्यातही आहेत. दुसरे लग्न करूनही पुरुषास मूल होत नाही, तेव्हा पहिलीचा न्याय करायला कोणी उरत नाही.

समारोप

सर्व उपाय करूनही काही दांपत्यांस अपत्य होणार नाही. त्यांना हे सत्य सौम्य शब्दांत सांगणे, कायदेशीर दत्तकविधानाचा मार्ग दाखविणे आणि मुलाशिवायही संसार पूर्ण असू शकतो असा धीर देणे, हेही वैद्याचे कर्तव्य आहे. चिकित्सेतील यश केवळ पाळण्यावर मोजू नये. तीन महिन्यांत अचूक निदान झाले, अनावश्यक खर्च वाचला, दोष एकीच्या माथी न बसता दोघांनी मिळून वाटून घेतला, तर तेही यशच होय. संघटनेच्या सभासदांनी आपापल्या रुग्णालयात वंध्यत्वासाठी पती-पत्नींचे संयुक्त रुग्णपत्रक सुरू करावे, त्यावर चिकित्सेची मुदत लिहावी आणि आलेले अनुभव, यशाचे तसेच अपयशाचेही, संघटनेच्या बैठकीत मोकळेपणाने मांडावेत, अशी आमची नम्र विनंती आहे.